कुंकू ‘परत’ देणारे आपण कोण?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव मे २०२२ मध्ये एकाएकी राज्यभर माहीत झालं. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे यापुढे आमच्या गावात होणार नाही, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने तसाच ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्याआधी करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याने ‘माझ्यामागे माझ्या बायकोवर हे प्रकार करू नयेत’ असं चक्क स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं.

हे चांगलंच झालं, यात वाद नाही. नवऱ्याचं प्रेत अजून दारात असताना बाईचे हात दगडावर आपटून काच फोडायची आणि मनगटातून येणाऱ्या रक्ताकडे कुणी लक्षही द्यायचं नाही, असल्या प्रकाराला थांबवणारा कोणताही ठराव स्वागतार्हच. मला खटकतं ते त्यानंतर सुरू झालेलं समारंभांचं पीक. संक्रांत आली की जागोजागी ‘विधवा भगिनींचं हळदीकुंकू’ असतं. मंडप, बॅनरवर नेत्यांचे हसरे फोटो, खुर्च्यांवर अवघडून बसलेल्या बायका. कुणीतरी पाहुणी एकेकीच्या कपाळाला कुंकू लावते, हातात वाण ठेवते आणि फोटोग्राफर ‘मॅडम, जरा इकडे बघा’ म्हणतो. अशाच एका कार्यक्रमाहून परतताना टेम्पोत माझ्या समोर बसलेल्या बाईने गावचा फाटा दिसायला लागल्यावर पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि कपाळ नीट पुसून काढलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर एवढंच म्हणाली, “घरात जावा आहेत. उगा बोलणं नको.”

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. कार्यक्रमाने तिला कुंकू लावलं, पण ते लावून घरात शिरायची मुभा कार्यक्रमाच्या हातात नव्हतीच. ती होती तिच्या गल्लीतल्या दहा-पंधरा सवाष्णींच्या हातात, आणि त्यांना त्या मंडपात कुणी बोलावलंच नव्हतं. आपली सगळी गाडी इथेच चुकीच्या रुळावर गेली आहे. विधवेला काय द्यायचं यावर आपण बोलतो. सवाष्णीला आपण केवळ तिचा नवरा जिवंत आहे म्हणून जे जास्तीचं देतो, त्याचं काय करायचं यावर अवाक्षर काढत नाही.

आधी वस्तूंचंच बघू, कारण ठरावांमध्ये सगळ्या एका ओळीत बसवल्या जातात आणि त्यामुळे घोळ होतो. कुंकू, बांगड्या, फुलं, रंगीत कपडे यांचा नवऱ्याशी संबंध काय? मुलगी दोन-तीन वर्षांची झाली की आईच तिच्या कपाळावर टिकली चिकटवते. जत्रेत कासाराच्या दुकानासमोर ती हट्ट करून उभी राहते आणि इवल्या हातांत बांगड्या भरून घेते. शाळेच्या गॅदरिंगला केसांत अबोलीचा गजरा असतो. हे सगळं तिच्या नवऱ्याचा पत्ताही नसताना तिचं होतं. ज्याने दिलं नाही, त्याच्या जाण्याने ते काढून घेण्याचा हक्क कुणाला कसा पोचतो?

मंगळसूत्र आणि जोडव्यांची गोष्ट वेगळी. ती लग्नाबरोबर येतात आणि लग्नाचीच खूण म्हणून घातली जातात. ती ठेवायची की उतरवायची हे ज्या बाईचं लग्न होतं तिने ठरवावं. आज, वर्षाने, किंवा कधीच नाही. काहींना ते काळे मणी गळ्यात असलेले हवे असतात, आठवण म्हणून. काहींना ते काढल्यावर मोकळं वाटतं, आणि तसं वाटण्यातही काही पाप नाही. सगळेच संसार गोडीगुलाबीचे नसतात. काहींचं कारण याहून रोखठोक असतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या, ऐन तिशीत नवरा गमावलेल्या एका मैत्रिणीने मंगळसूत्र काढलं नाही. का, विचारल्यावर म्हणाली, “गळा रिकामा दिसला की एसटीत शेजारी बसणाऱ्याचा कोपर बदलतो.” पुरोगामी मंडळी अशा बाईला ‘गुलामीची खूण कशाला मिरवतेस’ म्हणून टोकतात तेव्हा मला राग येतो. तो कोपर आधी आवरा, मग तिच्या गळ्याकडे बघा.

शहरात राहणाऱ्या वाचकाला वाटेल, हे आता उरलंय कुठे? आमच्या सोसायटीत तर सगळ्या रंगीत साड्या नेसतात. नेसतात, खरं आहे. पण जरा निरखून पाहिलं की या मोकळीकीची पोटकलमं दिसायला लागतात. रंगीत साडी चालेल, हिरवी नको. टिकली चालेल, काळी किंवा मरून, बारीक. लाल ठसठशीत कुंकू नको. सोन्याच्या पाटल्या चालतील, काचेचा चुडा नको. मेंदी पहिल्या वर्षी तर नकोच. लग्नाला यावं, पुढच्या रांगेत बसावं, पण मुहूर्ताच्या वेळी नवरीच्या अंगाला हळद लावायला हात पुढे करू नये. पत्रिकेत नाव असतं, आधी विधवेचं ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) लावून. ही पोटकलमं कुठे लिहिलेली नाहीत आणि प्रत्येकीला तोंडपाठ असतात. कुणी रागावत नाही, कुणी बोलत नाही. ती बाई स्वतःच अर्धं पाऊल मागे सरकते आणि आजूबाजूचे सगळे ‘किती समजूतदार आहे’ म्हणतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे आपली हजारो वर्षांची संस्कृती. कुणाची? पांढरं वस्त्र ही विधवेची खूण बंगालकडे. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेला लालसर आलवण नेसवत, चोळीशिवाय, आणि तेच डोक्यावरून ओढून घ्यायला लावत. म्हणजे शास्त्राला अमुक एक रंग मान्य होता असंही नाही. जिथे जे वस्त्र बाईला चारचौघींतून वेगळं पाडेल, ते तिथलं शास्त्र झालं. आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींमध्ये तर विधवेचं पुन्हा घर बसवायची सरळ रीत होती. पाट लावणं, मोहतूर लावणं हे कुणब्यांत, माळ्यांत, धनगरांत आणि इतर कितीतरी जातींत चालत असे. त्याला पहिल्या लग्नाइतका मान नव्हता, पण बाई उजाड होत नव्हती. पुढे ज्या घरांना आपण वरचे आहोत हे दाखवायचं होतं, त्यांनी पाट बंद केला. म्हणजे ज्याला आज आपण परंपरा म्हणून कवटाळतो, त्याचा बराचसा भाग वरच्यांची नक्कल आहे.

आणि वरच्यांना तरी त्याची गरज का पडली? डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीसंस्थेवर वाचलेल्या निबंधात याचा जो उलगडा केला, तो मला आजही सगळ्यांत पटतो. जात टिकवायची तर लग्नं जातीतच व्हायला हवीत, आणि त्यासाठी लग्नाच्या वयाच्या बाया-पुरुषांची संख्या जातीत सारखी राहायला हवी. नवरा मेला की एक बाई ‘जास्तीची’ होते. तिने जातीबाहेर लग्न केलं तर जात मोडते. जातीत केलं तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिला एक तर जाळायचं, नाही तर जिवंत ठेवून कुणाला ती हवीशी वाटणार नाही अशी करून ठेवायचं. डोकं भादरणं, आलवण, एक वेळचं जेवण यांचा अर्थ या हिशोबात लख्ख दिसतो. दुःखाशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्यात पैशाचा हिशोबही होताच. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याचं आपण मोठं कौतुक करतो, पण त्याच कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपेल असं कलम होतं. ज्या जातींत पाटाची रीत होती, तिथल्या बायकांनाही काही न्यायालयांनी हे कलम लावलं. लग्न कर, पण हात हलवत जा, असा तो सौदा.

केशवपन मात्र गेलं. कसं गेलं हे पाहण्यासारखं आहे, कारण त्यावर बंदी घालणारा कायदा काही झाला नव्हता. आगरकरांनी लिहिलं, ते महत्त्वाचंच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं; तिथे शिकलेल्या, विधवा असलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं, त्यापायी आपल्या गावच्या, मुरूडकरांचा बहिष्कार सोसला आणि पुढे विधवांसाठी आश्रम काढून तो हिंगण्याला नेला. शिकलेली, शिक्षिका किंवा नर्स झालेली, स्वतः कमावणारी विधवा रस्त्यावरून चालताना दिसायला लागली तसं तिचं डोकं भादरायची सक्ती करणं घरच्यांना जड जायला लागलं. पण या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती नाभिकांची कृती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास मुंबईत नाभिक जमले आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. विधवांना ‘तुम्ही भादरून घेऊ नका’ असा उपदेश करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ज्या हातांनी ते काम व्हायचं, त्या हातांनी नकार दिला.

आजच्या प्रथांमध्ये वस्तरा कुणाच्या हातात आहे? कुंकू पुसणारी सहसा घरातलीच म्हातारी असते, बऱ्याचदा स्वतः विधवा. बांगड्या फोडणाऱ्याही बायकाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करणारी, बोलवायला घरोघर फिरताना एक दार वगळून पुढच्या दाराशी जाणारी, ओटी कुणी भरायची हे ठरवणारी, सवाष्ण म्हणून जेवायला कुणाला सांगायचं ते ठरवणारी, सगळ्या बायकाच. हे म्हटलं की पुरुषमंडळींना उकळ्या फुटतात: बघा, बाईच बाईची वैरीण! थांबा. सवाष्णीला जो मान मिळतो तो तिला कशामुळे मिळतो? तिच्या शिक्षणामुळे नाही, कष्टांमुळे नाही. नवऱ्याचा श्वास चालू आहे म्हणून. हा मान उद्या सकाळी एका हृदयविकाराच्या झटक्यात जाऊ शकतो हे तिला पक्कं ठाऊक असतं. ‘अखंड सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद नीट ऐकला तर त्याचा अर्थ ‘नवऱ्याआधी मर’ असाच होतो, आणि अहेव मरण आलेल्या बाईला हिरवी साडी नेसवून, ओटी भरून, मळवट भरून नेताना ‘भाग्याची गेली’ म्हणणारे आपण तो खरा करून दाखवतो. अशा टांगत्या मानावर जगणारी बाई विधवेला दूर ठेवते ती दुष्टपणाने नव्हे, घाबरून. तो अपशकुन आपल्या दारात येऊ नये म्हणून. पण भीती समजून घेणं म्हणजे ती चालू द्यायची असं नाही.

म्हणून मला विधवांसाठी वेगळं हळदीकुंकू नकोच आहे. वेगळं काढलं की ते वेगळंच राहतं. त्याच गल्लीतल्या नेहमीच्या हळदीकुंकवाला, नेहमीच्या यादीत, वर्षानुवर्षं वगळलेलं ते एक दार घ्यावं. आणि ज्या घरात ते दार वगळलं असेल त्या घरचं हळदीकुंकू बाकीच्या सवाष्णींनी नाकारावं. मुलीच्या लग्नात आई विधवा आहे म्हणून कन्यादानाला काका-काकू बसणार असतील, तर काका-काकूंनी ‘आम्ही बसणार नाही, वहिनी बसतील’ असं सांगावं. वीस वर्षं एकटीने मुलगी वाढवलेली आई बोहल्यापासून चार हात लांब, खांबाला टेकून उभी असते आणि ज्यांनी मुलीची फी कधी विचारली नाही ते जोडपं पाटावर बसतं, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गुरुजींना याचं सोयरसुतक नसतं. सांगितलं तर बहुतेक गुरुजी मुकाट्याने विधी करतात. नडतं ते पाहुण्यांमुळे. ते पाहुणे आपणच असतो.

पुरुषांचं काय, हा प्रश्न ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच विचारून ठेवलाय. सुरतेत एका विधवेला तिच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर चर्चा झडायला लागल्या, त्या संतापात त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. बायको मेल्यावर पुरुषांनी दाढीमिशा भादरून जन्मभर रानात का राहू नये, असं त्या विचारतात. बुलढाण्याच्या त्या बाईंना आजतागायत उत्तर मिळालेलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या विधवा चार कोटींहून जास्त होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. नवरे वयाने मोठे असतात, बायका जास्त जगतात, ही कारणं आहेतच. पण बायको गेल्यावर वर्षाच्या आत ‘लेकरांकडे बघायला कुणीतरी हवं’ म्हणून पुन्हा बोहल्यावर चढणारेही त्या फरकात आहेत. लेकरांकडे बघायला कुणीतरी हवं, हे कारण विधवेला लागू झालेलं मी क्वचितच ऐकलंय.

आता एक आक्षेप, जो मला खरोखर विचार करायला लावतो. अनेक विधवा स्वतःच कुंकू लावायला नको म्हणतात. ‘त्यांच्याबरोबर गेलं ते गेलं’ म्हणतात. मग त्यांच्यावर आपली सुधारणा लादणारे आपण कोण? खरं आहे, कुणाच्या कपाळाला जबरदस्तीने कुंकू लावणं हे जबरदस्तीने पुसण्याचंच भावंड आहे. मंडपात खुर्चीवर बसवून, कॅमेऱ्यासमोर, नाही म्हणता येणार नाही अशा पद्धतीने लावलेलं कुंकूही त्यातच येतं. पण एवढ्यावरून ‘बायकांनाच ते हवंय’ असा निष्कर्ष काढू नये. ‘पांढऱ्या पायाची’, ‘नवऱ्याला खाऊन बसली’ हे ज्या बाईने वर्षभर ऐकलंय, तिची नापसंती कुठे संपते आणि धास्ती कुठे सुरू होते हे तिलाही सांगता येणार नाही. आधी तिला काहीही केलं तरी काही बिघडत नाही अशी स्थिती येऊ द्या. त्यानंतर तिने मोकळं कपाळ पसंत केलं तर ती तिची मर्जी.

आणि ही मर्जी फक्त विधवेचीच कशाला? गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२० मध्ये घटस्फोटाच्या एका प्रकरणात, बायको शाखा (लग्न झालेल्या बायका घालतात त्या शंखाच्या बांगड्या) आणि सिंदूर वापरायला नकार देते म्हणजे तिला हे लग्न मान्य नाही, असा अर्थ काढला. बाई विधवा असली तर खुणा घालू नकोस, सधवा असली तर घातल्याच पाहिजेस. उलट बाजूला मद्रास उच्च न्यायालय आहे, ज्याने २०२३ मध्ये एका विधवेला देवळात यायला अडवणाऱ्यांना, कायद्याचं राज्य असलेल्या समाजात हे चालणार नाही, असं सुनावलं. एकविसाव्या शतकात हे न्यायालयाला सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

राहता राहिला मुद्दा जमिनीचा, आणि माझ्या मते ठरावांची खरी परीक्षा तिथे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही नवऱ्याची पहिल्या वर्गातली वारस आहे, तिला मिळालेला वाटा पूर्ण मालकीचा आहे आणि पुढे तिने पुन्हा लग्न केलं तरी तो जात नाही. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात काय होतं? तेरावं होतं, पाहुणे पांगतात आणि महिना-दीड महिन्याने दीर म्हणतो, वहिनी, तालुक्याला एक सही करायची आहे. मोटारसायकलवर मागे बसून ती जाते. कसला कागद म्हणून विचारलं तर ‘पोरांच्याच नावावर होणार आहे की सगळं’ असं उत्तर येतं. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांची फरफट इथूनच सुरू होते: सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, अनुदानाच्या यादीत नाव नाही. मग उरते संजय गांधी निराधार योजना. महिन्याला १५०० रुपये, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांहून जास्त कमाई झाली की ती बाई सरकारच्या लेखी निराधार राहत नाही.

कुंकू आणि सातबारा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं म्हणणाऱ्यांनी ती सही कोणत्या अवस्थेत होते ते पाहावं. जिचं कपाळ सगळ्यांसमोर पुसलं गेलंय, जी चारचौघींत बसेनाशी झालीय, जिला बातमी आणि सल्ला देणारी शेजारीण आता दारात उभी राहत नाही, तिच्याकडून सही घेणं सोपं असतं. खुणा काढून घेण्याचा हा व्यवहारी उपयोग आहे. म्हणून ज्या ग्रामसभांनी ठराव केले, त्यांनी वर्षातून एकदा त्याच सभेत एक आकडा वाचून दाखवावा: वर्षभरात गावातले किती विवाहित पुरुष वारले आणि त्यांतल्या किती जणांच्या बायकांची नावं वारस म्हणून लागली. जिचं नाव हक्कसोडपत्राने कमी झालं असेल, तिला तो कागद समजावून कुणी सांगितला होता, तेही विचारावं. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना परिपत्रक. फेरफाराच्या नोंदी तलाठ्याकडे असतातच.